तीळ, शिळा आणि सही



"वहिनी, तुम्ही आणि कोरियन मालिका?" असं मंदिरात दोघीतिघींनी विचारलं, म्हणून लिहायला घेतलं. हो, बघते. सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, ओटा आवरला की संध्याकाळ मोठी उरते. सासूबाईही शेजारी बसतात. खालची अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, मी सांगत जाते. ती नावंही लक्षात राहत नाहीत, म्हणून आमच्याकडे सगळे 'थोरला', 'मधला' आणि 'ती पोरगी'.

यातल्या अति भडक मालिकांना तिकडे 'माकजांग' म्हणतात. मूळ अर्थ, खाणीतल्या बोगद्याचं शेवटचं टोक. 2008 साली सुरू झालेल्या 'टेम्प्टेशन ऑफ वाइफ'मध्ये नवऱ्यानं फसवलेली बायको चेहऱ्यावर एक तीळ काढून परत येते आणि तिला कुणी ओळखत नाही! सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे तर पायाच्या आवाजावरून ओळखतात." खरं आहे.

'द ग्लोरी' मात्र हसण्यावारी नेता येत नाही. किम उन-सूक यांची ही मालिका डिसेंबर 2022 मध्ये आली. शाळेतल्या श्रीमंत मुली डोंग-उनला केस सरळ करायच्या तापलेल्या यंत्रानं डाग देतात. ती पुढे कारखान्यात राबते, शिकते, शिक्षिका होते आणि त्याच मुख्य मुलीच्या लेकीच्या वर्गावर जाऊन उभी राहते. पण मला त्या डागांपेक्षा एक लहानसा प्रसंग जास्त लागला. डोंग-उनची आई पैसे घेते आणि शाळा सोडण्याच्या कागदावर सही करते. हातानं मारणारे परके होते, सही घरातली होती.

सही म्हटलं की मला आता दुसरंच आठवतं, त्याकडे येतेच.

आमच्या घरात सगळ्यात रंगली ती 'रिबॉर्न रिच'. सोळा भाग, 2022 च्या शेवटी आली. सूनयांग हा एक मोठा उद्योगसमूह. अशा घराणेशाहीच्या समूहांना तिकडे 'चेबॉल' म्हणतात. तिथला एक इमानी नोकर मारला जातो आणि 1987 साली त्याच घरातला धाकटा नातू होऊन जागा होतो. भातगिरणीपासून साम्राज्य उभं केलेले आजोबा घरात आले की सगळे उभे राहतात. थोरल्यालाच गादी, हा नियम. आणि तोच नियम मोडायची भीती दाखवून म्हातारा सगळ्यांना नाचवतो. लेकीला काही मिळालं तरी खुर्चीच्या शर्यतीत तिला कुणी खरं धरत नाही. हे नुसतं रचलेलं नाही. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग हयात असतानाच, 2000 साली, त्यांच्या मुलांमध्ये वारशावरून उघड भांडण झालं आणि पुढे समूहाची वाटणी झाली. तिकडच्या कायद्यात 1991 पासून मुलगा-मुलगीचा वाटा सारखा आहे, पण पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी नोंदपद्धत 2008 पर्यंत टिकली. कायदा आधी येतो, घर मागून येतं.

शेवट पुष्कळांना आवडला नाही. नायक पुन्हा नोकराच्याच देहात जागा होतो आणि म्हणतो, हे सारं प्रायश्चित्त होतं. मला आवडला. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला आपलाही हात त्यात होता हे दिसणं, हे आलोचनेपेक्षा वेगळं काय?

भवाभवाचं वैर आपल्याला नवीन नाही म्हणा. कमठ आणि मरुभूती हे सख्खे भाऊ. धाकटा मरुभूती क्षमा मागायला गेला, तर कमठानं हातातली शिळा त्याच्या डोक्यात घातली. पुढे दहा भव ते चाललं, मरुभूतीचा जीव पार्श्वनाथ भगवान होईपर्यंत. लहानपणी मला वाटे, मरुभूती गेलाच कशाला? आता वाटतं, कोरियन लेखकाच्या हाती ही कथा पडली असती तर दुसऱ्याच भवात मरुभूतीनं डाव टाकायला सुरुवात केली असती. आपल्या कथेत वैर एकानंच वाहिलं. म्हणून तर ते एका बाजूनं संपूही शकलं.

आता ती सही. वडील गेल्यापासून माहेरच्या शेताचं हक्कसोडपत्र माझ्याकडे आलेलं आहे. 2005 च्या दुरुस्तीनं लेकीचा हक्क पक्का झाला, हे वकिलानंच भावाला सांगितलं, म्हणून तर कागद लागतोय. "बहिणी देतातच," असा निरोप होता. भांडण नाही, फक्त थोरला फोन उचलत नाही. आईनं त्या बांधावर तीस वर्षं भाजी लावली, तिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं.

क्षमावाणीला मी त्याला फोन केला होता. मनापासून क्षमा मागितली, त्यानंही मागितली, दोघांचाही आवाज जड झाला. मग तो म्हणाला, "मग कागदाचं?" मी म्हटलं, "दादा, ते वेगळं. त्यावर समोरासमोर बसून बोलू."

मनात राग नाही म्हणजे सही करायलाच हवी, हे कुणी ठरवलं? आणि सही केली नाही म्हणजे मी वैर धरलं, हे तरी कुठं लिहिलंय? सासूबाईंना विचारलं. त्यांनी स्वतः चाळीस वर्षांपूर्वी केली होती. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं."

कागद कपाटातच आहे. भाऊबीजेला जाणार आहे, करंज्या घेऊन. कागदही पिशवीत घालेन, कोराच.