कुसळीचा बहर

गवताला फूल येतं, हे आपण फारसं मनावर घेत नाही. पळस पेटला की अख्खा खान्देश मान वर करून बघतो. पण भादवा सरताना धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात कुसळी फुलते, तेव्हा आग्रा रोडवरची एकही गाडी थांबत नाही. मी त्या फुलासाठीच तिथं जातो. तुरा बोटांत धरून अगदी डोळ्यांपाशी न्यावा. खालच्या अंगाला बिनकुसळाची नरफुलं एकावर एक चढलेली असतात, वरच्या अंगाला मादीफुलं, आणि प्रत्येक मादीफुलातून एक लांब काळपट कुसळ निघालेलं. पुढे ही कुसळं एकमेकांत गुंततात, त्यांची वेणी होते. वाळली की पीळ बसतो, दव लागलं की सुटतो, आणि त्या फिरण्यातच बी टोकाकडून मातीत शिरतं. नांगर नको, पेरणारा नको.

पण ती फुलते कधी, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मृगाचं पाणी पडलं की आधी उठतात ती कंदवाली झाडं. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याच्या बाजूला, पांढरी मुसळी आषाढातच फुलून मोकळी होते. मागोमाग कळलावी कुंपण धरून वर चढते. तिच्या पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. यांचा हिशेब सरळ आहे. जमिनीत ओल आली की निघायचं, पाऊस पंधरा दिवस लांबला तर आपणही पंधरा दिवस लांबायचं. कुसळीचं तसं नाही. पाऊस तिला वाढवतो, पण फुलायची हाक तिला उजेडाकडून येते. जूनमध्ये धुळ्याचा दिवस सव्वातेरा तासांच्या वर असतो. सप्टेंबरात तो बारावर उतरतो. रात्र मोठी होऊ लागली, हे पानाला कळतं आणि पोटरीतून तुरा निघतो. म्हणजे माळावर दोन घड्याळं चालतात, एक पाण्याचं, एक उजेडाचं. पिढ्यान् पिढ्या ती बऱ्यापैकी जुळवून होती.

आता पाण्याचं हललं आहे. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई महिनाअखेरीला आली; सणाला हिरवा असायचा तो माळ तेव्हा पिवळा पडलेला. मुरमाड उतारावर तर मुळांना धरायला वीतभर मातीसुद्धा नसते. पाऊस आला नाही म्हणून दिवस लहान व्हायचा थांबत नाही. अशा वर्षी गवत गुडघ्यालाही लागत नाही आणि तरी त्याला तुरा काढावा लागतो. काडी आखूड, तुरे मोजके, बी त्याहून थोडं. मला त्या खुज्या, वेळेवर फुललेल्या गवताचं फार वाईट वाटतं.

पावसाचं शेवटचं टोकही सरकलं आहे. राजस्थानातून मान्सून परतायची सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरत; २०२० साली हवामान खात्यानं ती १७ सप्टेंबर केली. परतीचा पाऊस आपल्याकडे येतो तेव्हा कुसळी ऐन तुऱ्यावर किंवा बी धरून असते. हे सगळं किती सरकलं ते कळायला जुन्या नोंदी हव्यात. कवी बालकवी धरणगावचे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, हिरवळीच्या ऐन भरातला. त्यांच्या लहानपणीचा माळ कोणत्या तिथीला फुलायचा, हे कुणी लिहून ठेवलं असतं तर आज ते सोन्याच्या मोलाचं झालं असतं. शाळांनी आपापल्या गावच्या पळसाची, बहाव्याची, कुसळीची पहिली फुलं वहीत टिपावीत, असं मला मनापासून वाटतं. त्याला यंत्र लागत नाही.

गुरं पाळणाऱ्याला मात्र अशा नोंदी साठेपर्यंत वाट पाहता येत नाही. त्याला विळा कधी लावायचा ते ठरवायचं असतं. फुलोऱ्यात कापलं तर चारा कसदार, पण बी पडत नाही आणि कुरण हळूहळू विरळ होत जातं. बी पडू द्यावं तर काडी निबर होते, कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात. आणि मधेच, कापून पसरलेल्या गवतावर ऑक्टोबरचा पाऊस आला, तर पेंढ्या काळ्या पडतात आणि म्हैस त्यांना तोंड लावत नाही.