बेरीज न जमलेली रात्र

मतमोजणीच्या रात्री एकेका मतदारसंघात काहीच अधांतरी नसतं. कुणीतरी जिंकलेलं असतं, गुलाल उधळलेला असतो आणि हरलेल्याच्या कार्यालयापुढचा मांडव ओस पडलेला असतो. असे ५४३ स्वच्छ निकाल लागतात, पण ते एका कागदावर उतरवले की कधी कधी बेरीजच जमत नाही. मला याचं नवल अजून वाटतं. १९९६च्या मे महिन्यात भाजपचे १६१, काँग्रेसचे १४०, जनता दलाचे ४६, मार्क्सवाद्यांचे ३२ आणि त्यामागे प्रादेशिक पक्षांची लांबलचक रांग. बहुमताला हवे होते २७२. त्रिशंकू लोकसभा यावी म्हणून देशात एकानेही शिक्का मारला नव्हता. तरी ती आली.

आमचं गाव तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातलं. माजघरात आंब्याची आढी घातलेली, घरभर पिकल्याचा वास आणि शेजारच्या तात्यांच्या ओटीवर टीव्हीपुढे सगळी वाडी जमलेली. लाईट गेली की कुणीतरी ट्रान्झिस्टर लावायचं. तात्या जुने काँग्रेसवाले, त्यांचा पुतण्या कट्टर शिवसैनिक. एरवी दोघांचं राजकारणावर धड बोलणं होत नसे. त्या रात्री दोघे एकाच वहीत आकडे मांडत होते. महाराष्ट्राचे ४८ लवकर पुरे झाले: भाजप १८, शिवसेना १५, काँग्रेस १५. मग वही तामिळनाडूकडे वळली, आंध्रकडे वळली. तमिळ मानिला काँग्रेस २०, द्रमुक १७, तेलुगू देसम १६. तात्या एकेक अक्षर लावून ही नावं लिहीत होते. बहुमताच्या निकालात दूरच्या मुलखाकडे असं कान देऊन कुणी बघत नाही. त्या रात्री आमच्या वाडीला मद्रासच्या माणसाला काय हवं असेल, हा प्रश्न पहिल्यांदा पडला. मला तो फार मोलाचा वाटतो.

अण्णा घरी नव्हते. ते प्राथमिक शाळेतले शिक्षक, त्यांना मोजणीची ड्यूटी लागली होती. दुसऱ्या दिवशी तांबारलेल्या डोळ्यांनी परतले, आंघोळ केली आणि झोपायचं सोडून मला पाटीवर एक खूण काढून दाखवायला बसले. मतपत्रिकेवर मारायच्या शिक्क्याची ती खूण. साधी फुली नव्हे. तिचे चारही हात बाणासारखे एकाच बाजूला वळलेले. तेव्हा मतदार शिक्का मारून कागदाची घडी घालायचा, शाई ओली असली की घडीच्या पलीकडे दुसऱ्याच चिन्हावर तिचा ठसा उमटायचा. आता मत कुणाचं? अण्णांनी पाटीवर दुसरी खूण काढली, आरशातल्यासारखी. घडीतून उमटलेल्या ठशाचे हात उलट्या दिशेला वळतात, त्यावरून खरा शिक्का ओळखायचा. टेबलाभोवती सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी वाकून बघायचे, साहेब कागद दिव्याकडे धरायचे आणि मगच तो गठ्ठ्यात जायचा. कुठल्यातरी घाटीवरच्या म्हातारीने घाईत घडी घातली म्हणून तिचं मत वाया जाऊ नये, यासाठी एवढा विचार आधीच करून ठेवलेला होता. अण्णा हे सांगताना मोहरून गेले होते, आणि आज लिहिताना माझंही तसंच होतं.

देवळात कौल लावल्यावर कधी पाकळी मूर्तीला चिकटूनच राहते, उजवी पडत नाही की डावी, आणि गुरवासकट सगळे नुसते बघत बसतात. देशाचे ते दिवस तसे होते. पंतप्रधान राष्ट्रपतींनी नेमावा आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असावं, एवढं राज्यघटना सांगते. आधी कुणाला बोलवायचं, ते ती सांगत नाही. १९८९मध्ये राष्ट्रपती व्यंकटरामन यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून राजीव गांधींना विचारलं. त्यांनी नकार दिला. १९९६मध्ये शंकर दयाळ शर्मांनी वाजपेयींना बोलावलं. १९९८मध्ये नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली. तिघांनी आपापल्या विवेकाने वाट काढली.

वाजपेयींचा शपथविधी १६ मे रोजी झाला. आमच्या मतदारसंघातून पहिल्यांदाच निवडून गेलेले सुरेश प्रभू थेट उद्योगमंत्री झाले, तेरा दिवसांसाठी. विश्वासदर्शक ठरावावरची चर्चा दूरदर्शनवर थेट दिसत होती. शेतावरची माणसं कामं टाकून ओटीवर येऊन बसली. आकडे जमत नव्हते हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी एकेक भाषण लोक मन लावून ऐकत होते. २८ मे रोजी मतदान न घेताच राजीनामा झाला. मग संयुक्त आघाडीने नेता शोधायला सुरुवात केली. ज्योती बसूंचं नाव पुढे आलं, त्यांच्याच पक्षाने ते अडवलं, आणि १ जूनला देवेगौडा पंतप्रधान झाले, तेव्हा ते संसदेच्या कुठल्याच सभागृहात नव्हते.

अशा सरकारांना लोक 'खिचडी' म्हणून नावं ठेवतात. मला ते कधीच पटलं नाही. १९८९ची लोकसभाही त्रिशंकूच होती, आणि त्या सरकारात आमच्याच राजापूरचे मधु दंडवते अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. वर्षभरही न टिकलेल्या त्या सरकारच्या काळात, जुलै १९९०मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या बोटीने आणि एसटीने मुंबई गाठणाऱ्या मुलखाला त्यातून रेल्वे मिळाली. बहुमताची भक्कम सरकारं त्याआधी कमी का झाली होती?

पण पाकळी बोटाने ढकलायचा मोह होणारेही अशाच दिवसांत दिल्लीत येतात. जुलै १९९३मध्ये नरसिंह राव यांच्या अल्पमतातल्या सरकारवरचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला, आणि पुढे काही खासदारांनी त्या मतांसाठी पैसे घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं. सभागृहात दिलेल्या मताबद्दल खासदारावर खटला चालवता येत नाही, म्हणून १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाच घेऊन मत देणाऱ्यांना संरक्षण दिलं. तो निकाल सात न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२४मध्ये फिरवला. म्हातारीच्या घडीची काळजी करणाऱ्या देशाने विकलेल्या मताचं संरक्षण काढून घ्यायला इतकी वर्षं घ्यावीत, याचा मला मनापासून राग येतो.

१७ एप्रिल १९९९. पुन्हा तीच ओटी, पुन्हा वाजपेयींचाच विश्वासदर्शक ठराव. या वेळी मतदान झालं. बाजूने २६९, विरोधात २७०. तात्यांचा पुतण्या ताडकन उठला, म्हणाला, "एका मतानं सरकार पडतं होय? पुन्हा मोजायला सांगा."

"मोजलंय त्यांनी," अण्णा म्हणाले. "एक म्हणजे एकच."