सुफळ संपूर्ण

माणसाचे वय वाढले की त्याने काय खावे हे डॉक्टर सांगतात आणि काय वाचावे हे बाकीचे सगळे सांगतात. साठी उलटलेल्या बाईच्या हातात ज्ञानेश्वरी शोभते, एखादे चरित्र शोभते, फार तर प्रवासवर्णन शोभते. तिच्या हातात प्रणयकथा दिसली की पाहुण्यांच्या भुवया वर जातात. आणि त्या प्रणयकथेत राक्षस नि चेटकिणीही असल्या तर त्या भुवया खाली यायचे नाव घेत नाहीत. आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी माझ्या टेबलावरचे असेच एक पुस्तक उचलले, मुखपृष्ठावरचे चित्र निरखले आणि मोठ्या सौजन्याने विचारले, "नातीचं का?" मला नात नाही. "नाही, माझंच," मी म्हटले. तेव्हा दुसऱ्याच्या औषधाची बाटली चुकून हातात यावी, तसे त्यांनी ते पुस्तक हळूच जागच्या जागी ठेवले.

मी ज्या पुस्तकांबद्दल बोलते आहे त्यांना इंग्रजीत हल्ली 'कोझी' असे विशेषण लावतात. चहाची किटली निवू नये म्हणून तिच्यावर जी जाड कापडी टोपी चढवतात तिचेही नाव कोझीच, म्हणून मला हे विशेषण फार आवडते. टोपी काही चहा करीत नाही. असलेली ऊब राखते, इतकेच. वानगीदाखल ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाची 'लेजंड्स अँड लाटेज' ही २०२२ साली आलेली कादंबरी घ्या. तिची नायिका विव्ह ही ऑर्क आहे. ऑर्क म्हणजे आपल्याकडच्या राक्षसांचे परदेशी चुलत भाऊबंद. या विव्हचे आयुष्य तलवार चालवण्यात गेलेले. एके दिवशी ती तलवार भिंतीला टांगते, ज्या गावात कोणी कॉफीचे नावही ऐकलेले नाही तिथे एक जुना तबेला विकत घेते आणि कॉफीचे दुकान थाटते. उंदराच्या जातीचा एक मुखदुर्बळ भटारी तिला दालचिनीचे पाव करून देतो. दुकानात मदतीला आलेल्या टँड्रीशी तिचा हळूहळू जीव जडतो. राज्य जिंकायचे नाही, जग वाचवायचे नाही. उद्या सकाळी गिऱ्हाईक येईल की नाही, एवढीच काय ती चिंता. पुढे दुकान जळून खाक होते, आणि जोडलेली माणसे ते पुन्हा उभे करतात. संपली गोष्ट.

यात काय आहे, असे कोणी विचारले तर मला पटकन उत्तर सुचत नाही. विचारणारे मात्र उत्तर घेऊनच आलेले असतात. "पलायनवाद!" ते म्हणतात. हा शब्द मराठी समीक्षेत इतका वापरला गेला आहे की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. याला एक खणखणीत जबाब जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात देऊन ठेवला आहे. परीकथा ही केवळ मुलांची वस्तू नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि पळण्याबद्दल म्हणाल, तर तुरुंगातल्या कैद्याने घराची आठवण काढणे निराळे आणि शिपायाने रणांगण सोडून पळणे निराळे, टीकाकार मात्र या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजतात, असा त्यांचा आक्षेप होता. हे बोलणारा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत खंदकांत राहून आलेला होता. रणांगण म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

पण आपल्याला स्कॉटलंडपर्यंत जायची तरी काय गरज? श्रावणात आजी कहाणी सांगायची. राजाने रागावून राणीला घराबाहेर काढले की आमचा जीव टांगणीला लागे, आणि शेवटी सुफळ संपूर्ण झाले की सगळ्यांची बोटे प्रसादाच्या वाटीकडे वळत. राणी परत येणार हे आजीला ठाऊक होते, आम्हालाही ठाऊक होते. तरी दर वर्षी राणी घराबाहेर पडली की आजीचा आवाज बदलत असे. तिने बालपणीच आई गमावली होती, दोन लेकरे आपल्या हातांनी पोचवली होती. तिला जगातल्या दुःखाची माहिती नव्हती म्हणून ती कहाणी सांगत होती, असे कोणत्या समीक्षकाला म्हणवेल?

आणि भवभूतीला काय म्हणाल? स्वतःला विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणवणारा, करुणरसाचा सम्राट. दगडालाही पाझर फुटावा असा शोक त्याने 'उत्तररामचरिता'त ओतला. पण वाल्मीकीच्या कथेत सीता धरणीच्या पोटात जाते, आणि भवभूतीच्या नाटकात सातव्या अंकात ती रामाला परत मिळते. मूळ कथा काय आहे हे प्रेक्षकांतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. कवीला तर होतेच होते. तरीही त्याने ते दोन जीव एकत्र आणले. इतके रडल्यावर हे देणे आपल्याला लागते, असे त्याला वाटले असावे. शेवट गोड करणारा कवी रडायला भितो, असे म्हणणाऱ्याने आधी त्याचा तिसरा अंक वाचावा.

आपल्या मराठी वाङ्मयाने तर नावे ठेवतानाही संकोच केला नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही काळीज पिळवटणारी कादंबरी ज्या साप्ताहिकातून क्रमशः आली त्याचे नाव होते 'करमणूक'! आणि १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तो काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या मासिकाने, त्याचे नाव 'मनोरंजन'. यमूचे दुःख नि करमणूक एका पानावर सुखाने नांदत होती. त्यांच्यामध्ये भिंत बांधली ती पुढच्या शहाण्यांनी.

नाथमाधवांचे 'वीरधवल' आमच्या घरी फाटून चिंध्या होईपर्यंत वाचले गेले. भुयारे, गुप्त वाटा, अद्भुताची नुसती लयलूट. १९१३ सालचे ते पुस्तक लिहिणारा माणूस शिकारीच्या वेळी कड्यावरून कोसळून कमरेपासून खाली लुळा पडला होता, हे मला फार उशिरा कळले. कळल्यावर मी ते पुन्हा वाचले. त्यातली दौड, त्यातली झेप मला निराळी दिसू लागली. ज्याला उठून खिडकीपर्यंत जाता येत नाही त्याने घोडा फेकला, तर त्याला आपण पळ काढणे म्हणायचे का?

आता थोडे घरचे सांगते. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या ह्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यायचे. हे यंत्र माणसाला जगवते, बरे करत नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून हे स्वच्छ सांगितले होते. हे हिशेबतपासनीस, आकडा कितीही वाईट असला तरी तो लपवलेला त्यांना खपत नसे. त्यांनी मान डोलावली आणि घरी येताना रिक्षात फक्त भाड्याबद्दल बोलले.

चार तास करायचे काय? वर्तमानपत्र अर्ध्या तासात संपे. मग मी जॉर्जेट हेयरची 'फ्रायडेज चाइल्ड' पिशवीत टाकली आणि खाटेशेजारी स्टुलावर बसून, हलक्या आवाजात, वाचता वाचता मराठीत सांगू लागले. शेरी नावाच्या उधळ्या उमरावाला एक सुंदरी नकार देते, आणि तो रागाच्या भरात, वाटेत कुंपणाच्या भिंतीवर बसलेल्या हीरो नावाच्या एका अनाथ पोरीशी लग्न करून टाकतो. पंचविशी गाठेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत त्याच्या इस्टेटीची किल्ली विश्वस्तांच्या हाती, त्यांपैकी एक सख्खा मामा, आणि मामा पैसे खातो असा भाच्याला संशय. जन्मात कधी कादंबरी न वाचलेले आमचे हे उशीवरून मान वर करून म्हणाले, "थांब. विश्वस्तांचे हिशेब कोण तपासत होतं?"

तिथून पुढे मला सुट्टी नाही. हीरोने खर्चात पाडले की हे कर्जाची बेरीज करीत. "अगं, ह्या पोरीला कोणीतरी जमाखर्च शिकवा!" असे कळवळून म्हणत. शेजारच्या खाटेवर एक गुऱ्हाळवाले गृहस्थ असत. ते डोळे मिटून पडलेले, मला वाटे झोपले आहेत. एकदा त्यांची वेळ बदलल्यामुळे ते दोन दिवस आले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी दारातूनच त्यांनी विचारले, "ताई, मग त्या पोरीचं पुढं काय झालं ओ?" परिचारिका हसू लागली. मी मागचे दोन दिवस पुन्हा सांगितले.

पुस्तक संपले. मी म्हटले, "अहो, आता दुसरं आणते." हे म्हणाले, "नको, हेच पुन्हा घे. हिशेब एकदा तपासून भागत नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आले ते एवढेच. आम्हाला दोन्ही शेवट ठाऊक होते. त्या पुस्तकाचाही आणि त्या यंत्राचाही. शेवट ठाऊक असला की मन पुढे धावायचे थांबते आणि मधल्या माणसांकडे बघू लागते. कोण कोणाशी कसे बोलले, कोणी कोणाला सांभाळून घेतले, रुसलेल्याची समजूत कोणी काढली, हेच मग उरते. आणि त्या खोलीत आमच्याजवळही तेच उरले होते. पुस्तकाने आमचे दुःख झाकले नाही. यंत्राची घरघर चालूच होती, नळीतून रक्त जाताना दिसतच होते. किटलीवरच्या टोपीचेच काम ते पुस्तक करीत होते.

तिसऱ्या वाचनात हीरो घर सोडून बाथ गावी एका मित्राच्या आजीकडे येऊन राहिली, तिथे आम्ही थांबलो. राहिलेली प्रकरणे मी पुढे महिन्याभराने घरी वाचली. एकटीनेच, पण मोठ्याने.

हेयरबाईंच्या चरित्रात एक हकीकत आहे, ती मी त्यानंतर वाचली. १९४४ साली, ऐन महायुद्धात, ही कादंबरी निघाली. लिहून झाल्यावर बाईंनी स्वतःच थट्टेने कळवले होते की असले काही लिहिल्याबद्दल आपल्याला गोळीच घालायला हवी. मात्र विमानहल्ल्याच्या वेळी आडोशाला बसलेल्याला किंवा तापातून उठणाऱ्याला हे आवडेल. पुढे कैक वर्षांनी त्यांना रुमानियातून एका बाईचे पत्र आले. ती राजकीय कैदी म्हणून बारा वर्षे तुरुंगात होती. जवळ पुस्तक नव्हते. तिने 'फ्रायडेज चाइल्ड'ची गोष्ट आठवून आठवून सोबतिणींना सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली, आणि त्या गोष्टीच्या आधाराने त्या बायकांनी आपले डोके ठिकाणावर ठेवले. टोल्किनचा कैदी त्यांच्या व्याख्यानात केवळ उदाहरण म्हणून आला होता. ही खरीखुरी कैदीण होती. कोठडीत बसून ती लंडनच्या नाचाची, टोप्यांची आणि नवराबायकोच्या भांडणाची गोष्ट सांगत होती, आणि भोवतालच्या बायका विचारीत असतील, मग त्या पोरीचे पुढे काय झाले?

असल्या पुस्तकांत टाकाऊ पुष्कळ असतात, हे मी कबूल करते. पण टाकाऊ शोकांतिकाही मी कमी वाचलेल्या नाहीत, फक्त त्यांना कोणी हसत नाही. रोज पुरणपोळी खाऊन जमणार नाही, हेही खरे. मी कडू पुस्तकेही वाचते, आणि ती वाचताना माझी पाठ ताठ होते. पण पाठ टेकायलाही काही लागते.

आता हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे सरली असतील, अंगणात पणत्या निवत आल्या असतील. कोणी आधी परिसंवाद उघडील, कोणी कविता. बरेच जण, मला ठाऊक आहे, सगळ्यांच्या आधी वार्षिक राशिभविष्य उघडतील; आणि आरंभी साडेसाती, मध्ये धनलाभ, शेवटी मनासारखे कार्य, याहून ऊबदार अद्भुतकथा दुसरी कोणती आहे? तेव्हा घरातले कोणी वडीलधारे माणूस कोपऱ्यात तसले पुस्तक घेऊन बसलेले दिसले, तर त्याला हसू नका. शेजारी जाऊन बसा, आणि पुढे काय झाले ते विचारा. ते सांगतील. त्यांना शेवट ठाऊक असतो.