ऐकण्यासारखे पाच अल्बम

रॉक संगीताचे नाव काढले, की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘‘हे कसले संगीत? नुसता गोंगाट!’’ असे म्हणून ते मोकळे होतात. आमच्या शिक्षक-खोलीतही मी हे शब्द अनेकदा ऐकले आहेत. मला मात्र हे संगीत लहानपणापासून आवडते. ते का आवडते आणि ते ऐकायला सुरुवात कोठून करावी, हे आज तुम्हांला सांगायचे आहे.

रॉक संगीत 1950 च्या दशकात अमेरिकेत आकाराला आले. तेथील कृष्णवर्णीय लोकांच्या ब्लूज गाण्यांतून त्याला ताल आणि दर्द मिळाला. विजेवर चालणारी गिटार, खालच्या सुरांची बेस गिटार आणि ड्रम ही त्याची मुख्य वाद्ये. पूर्वी ही गाणी मोठ्या तबकड्यांवर निघत. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे. दोन्ही बाजू मिळून होणाऱ्या गाण्यांच्या संचाला अल्बम म्हणत. पुढे कॅसेट आली, सीडी आली, मोबाईल आला. पण नाव तेच राहिले.

तुम्ही उर्दू शाळेतील मुले आहात, म्हणून तुमच्या ओळखीचे उदाहरण देतो. गझलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. एखादा शेर उचलून म्हटला, तरी त्याचा अर्थ लागतो. नज्मेचे तसे नाही. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी लागते. चांगला रॉक अल्बम नज्मेसारखा असतो. आज आपण मोबाईलवर अर्धे गाणे ऐकतो आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतो. अशाने नज्मेच्या दोन-चार ओळी हाती लागतात. नज्म हाती लागत नाही.

ही गोष्ट मला माझ्या मामूंनी शिकवली. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाचे बरेच लोक जहाजावर नोकरीला असत. मामूंनी तीस वर्षे मालवाहू जहाजाच्या इंजिन-खोलीत काम केले. सुट्टीवर येताना लोक कापड, अत्तर, घड्याळे आणीत. मामू त्यांबरोबर कॅसेटीही आणीत. कॅसेट लावली, की त्यांचा एकच नियम असे. बाजू संपेपर्यंत कोणी उठायचे नाही! पुढील पाच अल्बमांपैकी पहिले चार मी त्यांच्याजवळ बसून ऐकले.

पहिला अल्बम बीटल्स या इंग्लंडमधील पथकाचा. लिव्हरपूल शहरातील या चार तरुणांच्या कार्यक्रमांत श्रोते इतके किंचाळत, की वादकांना स्वतःची वाद्येही नीट ऐकू येत नसत. ऑगस्ट 1966 नंतर त्यांनी दौरे बंद केले आणि लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात बसून काम सुरू केले. 1967 मध्ये ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा त्यांचा अल्बम निघाला. तेव्हा एका फितीवर चारच पट्ट्या वेगवेगळ्या मुद्रित करता येत. चारही भरल्या, की ते आवाज दुसऱ्या फितीवर एकत्र उतरवायचे आणि नव्या आवाजांसाठी जागा करायची. एवढ्या थोड्या साधनांत त्यांनी केवढे काम केले, ते ऐकून पाहा. दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे जॉर्ज हॅरिसन यांचे आहे. त्यात सतार, दिलरुबा, तबला आणि तंबोरा वाजतात. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी हॅरिसन 1966 मध्ये मुंबईला आले होते.

या गुरुशिष्यांमुळेच दुसरा अल्बम तयार झाला. नोव्हेंबर 1970 मध्ये त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात भयंकर चक्रीवादळ झाले. 1971 मध्ये तेथे युद्ध पेटले आणि लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्यांच्यासाठी काही करावे, असे रविशंकरांनी हॅरिसन यांना सुचवले. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये एकाच दिवशी दोन मैफली झाल्या. त्यांतून ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ हा तीन तबकड्यांचा अल्बम निघाला. आरंभी रविशंकर यांची सतार, उस्ताद अली अकबर खाँ यांचा सरोद आणि उस्ताद अल्लारखाँ यांचा तबला आहे. कलावंत वाद्ये जुळवून थांबले, तोच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाद्ये जुळवणेच इतके आवडले असेल, तर वादन त्याहून आवडेल, अशा अर्थाचे उत्तर रविशंकरांनी हसतमुखाने दिले. त्या श्रोत्यांना आपले संगीत नवे होते, पण ते शांत बसून ऐकत राहिले. आपणही त्यांच्या संगीताला तेवढी सवड द्यायला हवी.

तिसरा अल्बम नज्मेचा उत्तम नमुना आहे. पिंक फ्लॉइड या इंग्रज पथकाचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ 1973 मध्ये निघाला. तो हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. मधल्या गाण्यांत वेळ, पैसा, मरण आणि मनाचा तोल जाणे हे विषय येतात. वेळेवरच्या गाण्याआधी अनेक घड्याळे एकदम ठणठणतात. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी ती जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन मुद्रित केली होती. पैशावरच्या गाण्यात नाण्यांचा खणखणाट आहे. त्यासाठी फितीचे तुकडे पट्टीने मोजून कापले आणि जोडले. या गाण्याचा बराचसा भाग सात मात्रांचा आहे. आपल्या रूपक तालाच्याही मात्रा सातच! बोटांवर मोजत ऐका, म्हणजे मौज वाटेल. एका गाण्यात क्लेअर टोरी या गायिकेचा शब्दांवाचूनचा आवाज आहे. त्या दिवशी तिला फक्त 30 पौंड मिळाले. पुढे ती न्यायालयात गेली आणि 2005 मध्ये तडजोड होऊन त्या रचनेवर तिचे नाव लागले.

चौथा अल्बम क्वीन या पथकाचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’. तो 1975 मध्ये निघाला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारोख बलसारा. जन्म झांझिबारचा, घराणे पारशी आणि शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या शाळेत! तेथेच त्याने मित्रांसह पहिले वाद्यपथक काढले. या अल्बममधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे सुमारे सहा मिनिटांचे आहे. त्यात मोठा वृंद गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तिघांचेच आवाज पुनःपुन्हा मुद्रित केले आहेत. मध्येच ‘बिस्मिल्लाह’ हा शब्द कानी पडतो आणि आपण चमकतो. या पथकातील ब्रायन मे यांची गिटार दुकानातून आणलेली नव्हती. शाळकरी वयात त्यांनी ती वडिलांच्या मदतीने घरीच बनवली. शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड आणि मोटारसायकलच्या स्प्रिंगा त्यासाठी वापरल्या. याच ब्रायन मे यांनी 2007 मध्ये खगोलभौतिकीत पीएच.डी. मिळवली.

पाचवा अल्बम मामूंच्या पेटीतला नाही. दिल्लीच्या इंडियन ओशन या पथकाचा ‘कंदिसा’ 2000 मध्ये निघाला. मी बी.एड.ला असताना तो एका मित्राने मला दिला. यातील एक गीत नर्मदा नदीचे लोकगीत आहे. शीर्षकगीत म्हणजे केरळमधील सीरियन ख्रिस्ती लोकांची सिरियाक भाषेतील प्रार्थना. ‘कंदिसा’ म्हणजे पवित्र. अरबीतील ‘कुद्दूस’ हा शब्द याच कुळातला आहे.

तो अल्बम घेऊन मी मामूंकडे गेलो. तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. इंजिन-खोलीतील घरघरीने त्यांचे कान अधू झाले होते. चिमण्यांचा चिवचिवाट त्यांना ऐकू येत नव्हता. मोठ्या आवाजाने प्रथम उंच सूर जातात आणि गेलेले परत येत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मामूंनी स्पीकरच्या पेटीवर तळहात ठेवला. बेस गिटार आणि ड्रम त्यांना हाताला कळत होते.

‘‘बेटा, वर काय चालले आहे?’’ त्यांनी विचारले.

‘‘आता एकटी गिटार आहे, मामू. आता तबला आला. आता सगळे मिळून गात आहेत,’’ मी मोठ्याने सांगू लागलो.

मामूंना सांगायचे, तर मला प्रत्येक वाद्य वेगळे ओळखावे लागत होते. एकदा ऐकून ते जमेना. म्हणून तो अल्बम मी त्या दिवशी तीनदा लावला. मामू पेटीवरून हात न काढता बसून राहिले. आजही सुट्टीत गावी गेलो, की आम्ही दोघे असेच बसतो.

मुलांनो, या पाचांपैकी कोणताही एक अल्बम निवडा. कानांत यंत्र घालणार असाल, तर आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा. मोबाईलवर दुसरे काही करू नका. एखादा अल्बम पूर्ण ऐकूनही आवडला नाही, तर तसे खुशाल म्हणा. पण का आवडला नाही, तेही सांगता आले पाहिजे. मग वहीत लिहा : कोणते वाद्य केव्हा आले, केव्हा थांबले, पहिल्या गाण्यातील कोणती गोष्ट शेवटी पुन्हा भेटली. आणि ते घरातील कोणाला तरी वाचून दाखवा.