माझी मार्कांची वही

परीक्षेत मार्क मिळवण्याचा अनुभव तुम्हां सगळ्यांनाच आहे. पण दोस्तांनो, तुम्ही कधी कुणाला मार्क दिलेत का? मी दिलेत. सहावी-सातवीत असताना, म्हणजे १९८६ आणि १९८७ या दोन वर्षांत, मी तब्बल ८३ पुस्तकांना दहापैकी मार्क दिले. वरळीची आमची जुनी खोली सोडताना पोटमाळा रिकामा केला, तेव्हा ती वही पुन्हा हाती लागली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेली. वरती माझ्या त्या वेळच्या गोल अक्षरात लिहिलंय, 'खासगी. हात लावू नये.'

आम्ही बी.डी.डी. चाळीत राहायचो. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी. १६० चौरस फुटांची एक खोली, त्यात आम्ही पाच माणसं. स्वतःची पुस्तकं ठेवायला जागा नव्हती आणि घ्यायला पैसेही नव्हते. पण खाली मंडळाचं वाचनालय होतं. महिन्याला एक रुपया वर्गणी आणि एका वेळी एक पुस्तक. वाचून झालं की मी वहीत लिहायची : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि मार्क. प्रकाशकाचं नाव का लिहायची, तर पहिल्या पानावर ते छापलेलं असायचं म्हणून! जे छापलेलं ते सगळं उतरवायचं, एवढंच तेव्हा कळत होतं.

सातवीत गणिताला सरासरी आली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. प्रत्येक प्रकाशकाच्या मार्कांची सरासरी काढली तर? एका रविवारी दुपारी जिन्यात बसून मी बेरजा-भागाकार केले. निकाल असा लागला :

रशियन पुस्तकं (मॉस्कोची प्रगती आणि रादुगा ही प्रकाशनं) : पुस्तकं ५, मार्क ४४, सरासरी ८.८.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला : पुस्तकं ११, मार्क ७७, सरासरी ७.

आणि तळाला मुंबईचंच एक छोटं प्रकाशन. त्याचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. पुस्तकं ३१, मार्क १५५, सरासरी ५.

उरलेली ३६ पुस्तकं वेगवेगळ्या प्रकाशकांची, कुणाची एक, कुणाची दोन. ती मी सोडून दिली.

मला केवढा आनंद झाला! जणू मी शोधच लावला होता. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मोठ्या अक्षरात निकाल लिहिला, वर मथळा दिला 'कोणाची पुस्तकं वाचावीत?' आणि तो कागद जिन्याजवळच्या भिंतीला खळीने चिकटवला. तळाच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं, 'वाचू नयेत.' नुसतं लिहून थांबले नाही. वाचनालयात जाऊन काकांना सांगितलं, "काका, ह्यांची पुस्तकं मला देऊ नका." मजल्यावरची लहान मुलंही माझं ऐकून ती पुस्तकं परत करू लागली.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. आता बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. बाबा त्यांतले एक. त्यांना गिरणीत परत काम मिळालं नाही. दोन वर्षं मिळेल ते काम केल्यावर गिरगावातल्या एका बाइंडरकडे त्यांना नोकरी लागली. पुस्तकांची बांधणी करायची. बाबांची शाळा चौथीतच सुटली होती, त्यामुळे ते वाचायचे ते अक्षरावर बोट ठेवून, सावकाश.

जिन्याजवळ उभे राहून त्यांनी माझा कागद तसाच सावकाश वाचला. शेवटच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. मग म्हणाले, "बाय, हे आमच्याकडे येतं बांधायला."

एवढंच. रागावले नाहीत. हातपाय धुतले, जेवले आणि झोपले. मला मात्र रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "त्या प्रकाशनाला सगळ्यांत कमी मार्क कुठल्या पुस्तकाला दिलेस?" मी वही दाखवली. एक साहसकथा, दहापैकी २. शेरा : 'गोष्ट मध्येच तुटते. काही कळत नाही.' बाबांनी मला वाचनालयातून तेच पुस्तक आणायला लावलं. पान ४८ उलटलं आणि पुढे परत पान ३३ आलं. ३३ ते ४८ दोनदा होती, आणि ४९ ते ६४ नव्हतीच. त्यानंतर एकदम ६५.

"तुला आकडे दिसले नाहीत?" बाबांनी विचारलं. खरंच दिसले नव्हते! गोष्ट पुन्हा मागे गेली तेव्हा मला वाटलं, लेखकच गोंधळलाय.

मग बाबांनी वर्तमानपत्राचा एक मोठा कागद घेतला आणि तीनदा दुमडला. तुम्हीही करून पाहा. तीन घड्यांत आठ पानं होतात, म्हणजे पाठपोट सोळा पृष्ठं. त्यावर ओळीने १ ते १६ आकडे घाला आणि कागद पुन्हा उलगडा. आकडे कुठल्या कुठे गेलेले दिसतील, काही तर उलटे! छापखान्यात पानं अशीच, मोठ्या कागदावर आठ एका बाजूला आणि आठ दुसऱ्या बाजूला छापतात. दुमडून झालेल्या त्या सोळा पृष्ठांना म्हणतात फर्मा. पहिला फर्मा १ ते १६, दुसरा १७ ते ३२, तिसरा ३३ ते ४८, चौथा ४९ ते ६४. फर्म्यांचे गठ्ठे टेबलावर ओळीने मांडतात आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलत गेलं की पुस्तक तयार होतं. मग शिलाई, डिंक, पुठ्ठा.

"चौथ्याच्या गठ्ठ्यात तिसऱ्याचे चार-पाच फर्मे मिसळले असणार," बाबा म्हणाले. "दिवसभर उभं राहून उचलायचं असतं. संध्याकाळी डोळे थकतात. चूक झालीच, ती आमची. पण ह्यात लेखकाला का मारलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन मार्क नक्की कुणाला दिले होते मी? गोष्टीला? चित्रांना? की थकलेल्या डोळ्यांना?

वाचनालयाच्या काकांनी ती प्रत बदलून आणली. मी राहिलेली सोळा पृष्ठं वाचली आणि मग सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. छान होतं हो! मी २ खोडून ८ लिहिले. त्या प्रकाशनाचे मार्क १५५ वरून १६१ झाले. सरासरी किती झाली? ५.२. ते प्रकाशन तळालाच राहिलं.

आता मी हट्टाला पेटले. सगळी यादी पुन्हा तपासायला घेतली आणि एकेक गंमत दिसू लागली.

पहिली गंमत. सरासरी ५ असलेल्या प्रकाशनाच्या ३१ पुस्तकांपैकी सहा पुस्तकांना मी स्वतःच ९ किंवा १० मार्क दिले होते. रशियन पुस्तकांत असे मार्क फक्त तिघांना होते. म्हणजे ज्यांच्यापुढे मी 'वाचू नयेत' लिहिलं, त्यांनीच मला जास्त आवडती पुस्तकं दिली होती! माझा कागद वाचून मजल्यावरच्या मुलांनी ती सहाही पुस्तकं सोडली असती.

दुसरी गंमत. रशियन पुस्तकं मी निवडून घेतली होती. शाळेत पुस्तक-प्रदर्शन भरलं होतं. लोकवाङ्मय गृहामार्फत ही पुस्तकं मराठी वाचकांपर्यंत यायची. जाड कागद, पानभर रंगीत चित्रं आणि किंमत मात्र अगदी कमी, कारण खर्चाचा मोठा भार तिथलं सरकार उचलायचं. मी तास-दीड तास चाळून पाच निवडली. शिवाय माझ्याआधी आणखी कुणीतरी निवड केलेलीच होती. तिकडच्या मुलांना वर्षानुवर्षं आवडलेल्या गोष्टीच भाषांतर होऊन आपल्याकडे पोहोचत. द्रागुन्स्कीच्या गोष्टींतला खोडकर देनिस मॉस्कोहून वरळीला आला तो किती चाळण्यांतून गाळून आला असेल! तिकडची रटाळ पुस्तकं मॉस्कोतच राहिली असणार. ती माझ्या वहीत कशी येतील? उलट त्या छोट्या प्रकाशनाचा अख्खा गठ्ठा वाचनालयाने स्वस्त म्हणून घेतला होता आणि मी तो हाताला येईल तसा वाचला होता. निवडलेली पाच आणि न निवडलेली ३१, यांची तुलना मी करत होते. वर्गातली पहिली पाच मुलं एका बाजूला आणि दुसऱ्या तुकडीतली सगळी मुलं दुसऱ्या बाजूला, अशी शर्यत लावल्यासारखं झालं हे.

तिसरी गंमत माझी स्वतःचीच. एकच पुस्तक वहीत दोनदा सापडलं. सहावीच्या सुरुवातीला त्याला ४ आणि सातवीच्या दिवाळीत ९! मधल्या काळात पुस्तकाचं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलले होते मी.

म्हणून काय सगळे प्रकाशक सारखेच? मुळीच नाही, तेही खरं बोललं पाहिजे. त्या ३१ पैकी बरीच पुस्तकं खरोखरच घाईत काढलेली होती. पानोपानी शुद्धलेखनाच्या चुका, मुखपृष्ठावर एक चित्र आणि आत दुसरीच गोष्ट. प्रुफं नीट तपासायची की नाही, चित्रकार कोण घ्यायचा, अक्षर केवढं ठेवायचं, परक्या पुस्तकाचं पूर्ण भाषांतर द्यायचं की संक्षिप्त, हे सगळं प्रकाशक ठरवतो. त्याचे मार्क त्याला मिळायलाच हवेत. फक्त लेखकाचे मार्क त्याला किंवा बाइंडरचे मार्क लेखकाला देऊ नयेत.

मी भिंतीवरचा कागद काढला. काढताना भिंतीचा रंगही थोडा निघाला आणि त्याबद्दल आईचा धपाटाही मिळाला. वाचनालयातल्या काकांना "परत द्या ती पुस्तकं" असं सांगताना फार लाज वाटली. मग वहीत नव्याने रकाने आखले : गोष्ट, चित्रं, छपाई, बांधणी. प्रत्येकाला वेगळे मार्क. बांधणीचा रकाना बाबांकडे होता. ते पुस्तक हातात घेऊन पाठ बघत, मधोमध उघडून शिलाई पाहत आणि मग पेन्सिलीने आकडा लिहीत. आज वही उघडली तर तिथून पुढे सगळीकडे दोन अक्षरं दिसतात, माझं गोल आणि त्यांचं तिरकं. बांधणीला त्यांनी कधीच दहा दिले नाहीत. स्वतः बांधलेल्या पुस्तकांनाही नाही.

ही वही मी माझ्या सातवीतल्या भाचीला दाखवली. ती म्हणाली, "मावशी, पण खरी तुलना करायची तर पुस्तक एकच पाहिजे ना? आणि प्रकाशक दोन." हुशार आहे पोरगी! मग आम्ही तसंच केलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. गुरुजी १९५० साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो, म्हणून २०११ पासून ते पुस्तक कुणालाही छापता येतं. आज ते अनेक प्रकाशकांकडून मिळतं. आम्ही दोन वेगवेगळ्या प्रती आणल्या. एकीचं अक्षर बारीक, पण प्रस्तावना होती. दुसरीचं अक्षर मोठं, चित्रं सुंदर, पण किंमत जास्त. गोष्टीचे मार्क दोघींना सारखे द्यावे लागले, कारण श्याम तोच आणि आईही तीच. जो फरक पडला, तेवढाच प्रकाशकाचा.

दोस्तांनो, तुम्हीही अशी वही करा. पुस्तकाच्या पहिल्या दोन-तीन पानांवर बारीक अक्षरात जी नावं असतात, लेखक, अनुवादक, चित्रकार, प्रकाशक, मुद्रक, ती वाचा आणि ज्याचे मार्क त्याला द्या. जुन्या पुस्तकात पान १७, ३३, ४९ यांच्या तळाशी कधी कधी एक बारीक आकडा दिसेल. तो फर्म्याचा नंबर, बाइंडरसाठी छापलेला. आणि एखादी गोष्ट मध्येच तुटली, तर दोन मार्क देण्याआधी पानांचे आकडे मोजून बघा.