मल्लिक बाजारातील एक सुई

हावड्याहून बंडेलकडे जाणाऱ्या लोकलने आपण निघालात, तर उत्तरपाडा मागे पडताच 'हिंद मोटर' नावाचे स्थानक लागते. १९५७ पासून येथील कारखान्यात ॲम्बॅसडर मोटार तयार होत असे. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ती घेतलेली होती. मे २०१४ मध्ये कारखाना थांबला. स्थानकाचे नाव राहिले आणि गाड्याही राहिल्या.

त्या कोणाच्या आधारावर चालतात, हे पाहावयाचे असेल तर हुगळी ओलांडून कोलकात्याच्या मल्लिक बाजारात यावे. पार्क स्ट्रीट आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गाला मिळतो, त्या चौकाभोवती मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचा हा बाजार वसला आहे. जवळच्याच ख्रिस्ती दफनभूमीत कवी मायकेल मधुसूदन दत्त १८७३ पासून विसावले आहेत. मोडीत निघालेल्या गाडीला मात्र या परिसरात विसावा नाही. तिचे अवयव दुसऱ्या गाडीत पुन्हा कामाला लागतात.

पिवळ्या टॅक्सी बहुतांशी डिझेलच्या. डिझेल इंजिनाला कार्बुरेटर नसतो. घरोघरी जपलेल्या पेट्रोल गाडीची व्यथा निराळी. पेट्रोलचा उग्र वास येतो, धुराड्यातून काळा धूर निघतो आणि इंजिन धरत नाही. अशा वेळी 'कार्बुरेटरच नवा बसवा' असा सल्ला मिळाला, तर वाचकहो, थोडे थांबा.

आपल्या घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी आठवा. पाणी चढले की तरंगता गोळा वर येतो आणि तोटी बंद होते. कार्बुरेटरमध्येही तसाच फ्लोट असतो. तो वर आला की एक लहानशी सुई आपल्या बैठकीत बसते आणि पेट्रोल अडते. सुईखाली कचरा अडकला, तिच्या टोकाला झिजेचे कडे पडले, किंवा पोकळ पितळी फ्लोटला छिद्र पडून त्यात पेट्रोल शिरले, की हा अटकाव सुटतो.

प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार सोडवावी आणि विडी-काडी दूर ठेवावी. सांडलेल्या पेट्रोलला एक ठिणगी पुरते. मग फ्लोटच्या कप्प्याचे झाकण काढावे. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत खळखळ ऐकू आली तर तो बदलावा. सुई व बैठक नेहमी जोडीनेच बदलावी, कारण झिजलेल्या बैठकीत नवी सुई नीट बसत नाही. झाकण उलटे धरून फ्लोटच्या भाराने सुई बसू द्यावी आणि पेट्रोलच्या नळीतून हलकेच फुंकावे. हवा अडली, तर पेट्रोलही अडेल. फ्लोटची उंची मात्र त्या कार्बुरेटरच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी.

हल्ली याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. २०२५ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, भुगा सुटतो आणि तो सुईखाली जाऊन बसू शकतो. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पेट्रोलची गाळणी ही दुरुस्तीचाच भाग समजावीत. एरवी नवी सुईही फार दिवस टिकणार नाही.

कारखाना पुन्हा सुरू करणे आपल्या हाती नाही. पण बोटाच्या पेरापेक्षा लहान सुईसाठी अख्खे यंत्र मोडीत न काढणे आपल्या हाती खचित आहे. मल्लिक बाजार याच व्यवहारावर उभा आहे: बिघडले असेल तेवढेच बदलावे, चांगले असेल ते चालू ठेवावे.