आईची चूल

आईला दम्यानं घेरलं, तसं डॉक्टर म्हणाले, धूर बंद करा. भंगारातून नळीची जुनी बिडाची चूल आणली. घरात विटांचं धुराडं होतंच. आजोबांच्या वेळचं, माणूस शिरेल एवढं रुंद. गवंडीमामा म्हणाले, "एवढ्या पोकळीत धूर गार पडतो, माघारी घरात येतो. नळी थेट आढ्याच्या वर दोन हात काढ." काढली. भोवतीची फट पत्र्यानं झाकली, सांधे मातीनं लिंपले. आधी कागद पेटवून नळी तापवली, मग धूर सरळ वर गेला.

आई वाशांकडं बघत म्हणाली, "धूर न्हाई तर बियाची कणसं किडत्याल की रं!" तिचं खरंच होतं. बी पुढं राखेत ठेवावं लागलं.

पण खोकला रात्रीचा उतरला. अन् "काजळी झाड रं" म्हणून दर अमावस्येला तीच मागं लागायची.